वाचनालयाखालचं दुकान

२ जून २०२५, सोमवार

आज प्रभारी प्राचार्य म्हणून रुजू झाले. संस्थेचं कॉलेज आता या बंद पडलेल्या मॉलमध्ये येतंय. या मॉलमध्ये मी शेवटची आले होते त्याला सात-आठ वर्षं झाली असतील. सिनेमा बघायला आलतो. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला आई घाबरली होती आणि मागं ही रांग लागली होती. आज तेच जिने बंद आहेत, पायऱ्यांवर सिमेंटची पोती ठेवलीत. हायवेकडच्या पाटीवरची तीन अक्षरं गळून पडलीत. इतक्या दुकानांत एकच उघडं आहे, तळमजल्यावर मालुबाईंचं शिलाईचं.

पण नकाशा बघितला आणि ऊर भरून आला. पश्चिमेकडच्या भागात राहती घरं, मधोमध मोठा चौक, खाली बाजार, वर आमचं कॉलेज. पहिल्या मजल्यावरच्या सिनेमागृहाचं वाचनालय होणार. संस्थेचे सचिव समर्थ स्वतः फिरून सगळं दाखवत होते. वय पस्तिशीच्या आतलं, बोलणं मात्र जाणत्या माणसाचं. म्हणाले, "बेळगावात असं पहिल्यांदा होतंय मॅडम, आणि ते तुमच्या हातून होणार आहे."

कॅम्पातल्या जुन्या कॉलेजात एकोणीस वर्षं वाणिज्य शिकवलं, ते सहाजणींत एक टेबल वाटून घेत. इथं मला स्वतःची खोली आहे. पूर्वी चपलांचं दुकान होतं, भिंतीला अजून फळ्या आहेत. एका फळीवर बाबासाहेबांची तसबीर ठेवली. काचेवर माझं नाव लिहिलंय. आईला निपाणीला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. तिची हयात तंबाखूच्या वखारीत गेली. ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या दुकानात एकटीच बसणार व्हय गं पारू?"

९ जून, सोमवार

भावकूअण्णा म्हणून एक गृहस्थ आहेत, पिरनवाडीचे. मॉल बांधला तेव्हापासून इथली वीज, पाणी, दुरुस्ती तेच बघतात. आज त्यांनी मला वाचनालयाच्या बरोबर खाली, मालुबाईंच्या दुकानाशेजारी नेलं. तुळईवर एक बारीक चीर होती आणि चिरेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली होती.

"ही कशाला?"

"चीर वाढली तर काच तुटती, मॅडम. न्हाय तुटली तर समजायचं, हाय तिथंच हाय."

"मग तुटलीय का?"

"अजून न्हाय. पर खांब काढाय लागल्यात."

चौक मोकळा दिसावा म्हणून मधले दोन खांब काढायचे ठरलेत. त्यांच्या जागी वर लोखंडी तुळई टाकणार आहेत. ठेकेदाराला विचारलं. तो हसून म्हणाला, ते खांब निम्मे शोभेचेच होते. ज्याचं त्याला कळतं. मला खांबातलं काय कळतंय?

१७ जून, मंगळवार

आज सह्यांचा दिवस. समर्थ स्वतः फाइल घेऊन आले. अग्निशमन, पाणी, वीज, आणि इमारतीच्या मजबुतीचा अहवाल. निपाणीच्या कुणा परशराम नावाच्या निवृत्त अभियंत्यानं केलाय. शेवटच्या पानावर छापलेलं होतं की अहवाल पूर्ण मिळाला, वाचला व समजला. खाली माझं नाव.

पानं उलटताना दिसलं की अकराव्या पानानंतर एकदम पंधरावं येतंय. मी तसं म्हटलं. समर्थ म्हणाले, "झेरॉक्सवाल्याचा घोळ. मधे नुसते तक्ते आहेत. उद्या पाठवतो." त्यांना चिकोडीला जायची घाई होती. मी सही केली.

आता लिहिताना वाटतंय, मुलांना मी वर्गात काय सांगते? वाचल्याशिवाय सही करू नका. असो. उद्या मागून घेईन.

३ जुलै, गुरुवार

कॉलेज सुरू झालं! चारशे बारा मुलं. जुन्या कॉलेजातली अठरा हजार पुस्तकं वाचनालयात लागली. सिनेमाचा पडदा होता तिथं आता संदर्भग्रंथांची उंच कपाटं आहेत. ग्रंथपाल माधवी माझी जुनी मैत्रीण, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "पहिल्यांदा पुस्तकांना श्वास घ्यायला जागा मिळाली गं."

खाली मालुबाईंकडं मुलींच्या गणवेशांची गर्दी. साठीला आलेल्या, एकट्या, जीभ तिखट. संस्थेनं किती सांगितलं तरी दुकान सोडलं नाही. हल्ली त्यांचं शटर पूर्ण खाली येत नाही, वीतभर वर अडकतं. मला म्हणाल्या, "बाई, तुमची पुस्तकं लई जड झाली वाटतं. माझ्या दाराला पण अक्कल शिकवाय लागल्यात." आम्ही सगळ्या हसलो.

(ती पानं आली नाहीत. राहूनच गेलं.)

११ जुलै, शुक्रवार

भावकूअण्णांनी आज गोंधळ घातला. वाचनालयाखालच्या वाटेवर दोरी बांधली आणि मुलांना तिथून जाऊ देईनात. काचेची पट्टी तुटली म्हणे. मी जाऊन बघितलं. तुटली होती खरी. पण पाडकामाचे हादरे बसतात, तेवढ्यानंही काच तुटू शकते. ठेकेदारही तेच म्हणाला.

दुपारपर्यंत पालकांचे फोन सुरू झाले. दोन मुलींनी दाखला परत मागितला. समर्थांचा आवाज पहिल्यांदा कडक झालेला ऐकला. "मॅडम, परिसर तुम्ही चालवताय की तो?" लेखी कळवा म्हणाले. मी संस्थेला पत्र लिहिलं, कर्मचारी भावकू विद्यार्थ्यांमध्ये भीती पसरवत आहेत, योग्य ती कारवाई व्हावी. लिहिलं ते खोटं नव्हतं. तरी पाठवताना दोनदा थांबले.

१५ जुलै, मंगळवार

भावकूअण्णांना काढलं. मला वाटलं होतं समज देतील. जाताना खोलीच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. "मॅडम, काच नवी लावलीया. तेवढी बघत जावा," एवढंच म्हणाले.

२४ जुलै, गुरुवार

वाचनालयाचं दार पुन्हा अडकलं. सुतारानं तिसऱ्यांदा रंधा मारला. पावसानं लाकूड फुगतं. माधवी म्हणते, टेबलावर पेन्सिल ठेवली की एकाच बाजूला घरंगळते. टेबलं जुनी आहेत.

खालच्या बाजूला आता देखणं खोटं छत बसवलंय, पांढरं, दिव्यांसकट. तुळई, चीर, काच, काहीच दिसत नाही. बघायला खरंच छान वाटतं.

संध्याकाळी आमचे हे, भीमरत्न, मला न्यायला आले. चिकोडीच्या शाळेतून थेट आलेले, दमलेले. चौकात उभं राहून बराच वेळ वर बघत राहिले. घरी आल्यावर विचारलं, "पारमिता, कागदावर त्या इमारतीला जबाबदार कोण आहे?"

"संस्था. आणखी कोण?"

"तू सही कशावर केलीस ते एकदा बघ."

मला राग आला. म्हटलं, आपल्यातल्या बाईला मोठी खुर्ची मिळाली की आधी आपल्याच माणसाला शंका येते. ते उठून हातपाय धुवायला गेले. हे मी बोलायला नको होतं.

४ ऑगस्ट, सोमवार

बढती! 'प्राचार्य व परिसरप्रमुख.' पत्रात लिहिलंय की परिसराची सुरक्षा, देखभाल व वापर यांची संपूर्ण जबाबदारी आजपासून माझ्याकडं. एवढा विश्वास टाकला. पेढे वाटले. मालुबाईंनी पेढा घेतला आणि ब्लाऊजचं माप घेतलं, "मोठ्या मॅडमला असलं ढगळं शोभत न्हाय" म्हणत.

समर्थांचं कार्यालय इथल्या तळमजल्यावरून कॅम्पात हलवलं. तिथं त्यांना सोयीचं पडतं. हल्ली ते येतात तेव्हा गाडीतच बसतात, मी फाइल घेऊन बाहेर जाते. आज म्हटलं, आत या, चहा घ्या. म्हणाले, वेळ नाही मॅडम. या माणसाला खरंच उसंत नसते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

तिसऱ्या तासाला वाचनालयात काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला. सगळ्यांनी माना वर केल्या. कपाटं जागेवर, खिडक्या जागेवर. माधवी म्हणाली, आवाज पायाखालून आला. नंतर मालुबाई वर आल्या. खोट्या छताची एक फरशी त्यांच्या मशीनवर पडली होती, बरोबर मूठभर सिमेंट. हातात धरून आणलं होतं. माझ्या टेबलावर ठेवलं आणि खाली गेल्या. 

समर्थांना तीनदा फोन केला. उचलला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आईला भेटायला निपाणीला गेले. अहवालावरचं नाव डोक्यात होतंच. विचारत विचारत परशरामांच्या घरी पोचले. पंचाहत्तरीचे, काठी घेऊन चालतात, स्मरण मात्र लख्ख. त्यांनी कपाटातून स्वतःची प्रत काढली. बारा, तेरा, चौदा ही पानं माझ्यासमोर ठेवली.

तक्ते नव्हतेच. सिनेमागृहाची जमीन माणसं बसायला केलीय, पुस्तकांची कपाटं तिला पेलणार नाहीत. मधले दोन खांब कोणत्याही परिस्थितीत काढू नयेत, घरांच्या भागाचा भारही त्याच ओळीवर आहे. तुळईच्या चिरांवर नजर ठेवावी, त्या वाढल्यास इमारत त्याच दिवशी रिकामी करावी.

"पुस्तकं किती ठेवलीत?" त्यांनी विचारलं.

"अठरा हजार."

"खांब?"

"जूनमध्ये काढले."

त्यांनी चष्मा उतरवला. "मला पुन्हा कुणी बोलावलंच नाही. वाटलं, बेत सोडून दिला असेल. मीही चौकशी केली नाही." त्यांची पत्नी चहा घेऊन आली तर ते म्हणाले, "चहा राहू दे. यांना आधी जाऊ दे."

दारात आल्यावर त्यांनी विचारलं, "पूर्ण मिळाला म्हणून सही तुम्ही केलीत?"

"हो."

"मग ही पानं तुम्ही वाचलीत, असंच कुणीही म्हणेल."

१८ ऑगस्ट, सोमवार

शेवटी समर्थांनी फोन उचलला. मी सगळं सांगितलं. ते जराही दचकले नाहीत. म्हणाले, "बुधवारी मान्यतेची समिती येतेय. ती जाऊ दे. गुरुवारी पुस्तकं हलवू, माझा शब्द."

हे ऐकल्यावर मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. मी ते केलं नाही. वाचनालय मात्र आज-उद्या फवारणीच्या नावाखाली बंद ठेवलं. दोनच दिवस, असं स्वतःला सांगतेय. भीमरत्नांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दोन दिवस कुणासाठी, पोरांसाठी का मान्यतेसाठी?" 

२० ऑगस्ट, बुधवार

सकाळी समर्थांचा निरोप आला. समितीला वाचनालय मुलांनी भरलेलं दिसलं पाहिजे.

मी रिक्षा करून थेट पिरनवाडीला गेले. भावकूअण्णा कुणाच्या तरी विहिरीची मोटर खोलून बसले होते.

"तुम्हीच काढलासा मला," ते म्हणाले.

"व्हय. चुकलं माझं. आता चला."

त्यांनी हात धुतले आणि निघाले.

मालुबाईंच्या दुकानासमोर शिडी लावली. छताच्या दोन फरशा काढल्या, बॅटरी मारली. नव्या काचेचा निम्मा तुकडा लोंबत होता. भावकूअण्णांनी चिरेत हात घातला. तो मनगटापर्यंत आत गेला. "मॅडम, जुलैत हितं बोट जात हुतं," ते म्हणाले. वर मुलांचे पाय वाजत होते. समितीसाठी माधवी त्यांना ओळीनं बसवत होती.

मी धावत जाऊन घंटा दिली आणि हात सोडलाच नाही. मुलांना वाटलं आग. जिन्यावर ढकलाढकली, रडारड. वीस मिनिटांत चारशे बारा मुलं हायवेच्या कडेला पावसात उभी. समितीचे तिघे छत्री धरून माझ्याकडं बघत होते. मालुबाई गळ्यात टेप घेऊन बाहेर आल्या, आपली छत्री माझ्या डोक्यावर धरली.

समर्थ गाडीतून उतरले, पण पायऱ्यांपाशी थांबले. तिथूनच ओरडले, "मुलांना आत घ्या मॅडम!" तेव्हा माझ्या ध्यानात आलं, या माणसानं महिनाभर छपराखाली पाऊल टाकलेलं नाही.

मी कुणालाही आत जाऊ दिलं नाही. अकराचे चार वाजले. इमारत होती तशी उभी. समिती निघून गेली, पालक येऊन मुलांना घेऊन गेले. समर्थ जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काय पडलं मॅडम? दाखवा ना, काय पडलं?"

मालुबाईंनी विचारलं, "मी दुकान उघडू का बाई?" मी म्हटलं, "आज नको."

२१ ऑगस्ट, गुरुवार

निलंबित. अफवा पसरवणं, संस्थेची बदनामी, मान्यतेत अडथळा. माझा कार्यभार माधवीकडं. सोमवारी कॉलेज पुन्हा सुरू. एका पालकानं फोन करून म्हटलं, "चेंगराचेंगरीत माझी पोरगी मेली असती म्हणजे?" त्यांचंही खरं आहे.

पानांच्या प्रती घेऊन जिल्हा कार्यालयात गेले. साहेब दौऱ्यावर. कारकुनानं कन्नडमध्ये अर्ज लिहून मागितला, तो तिथंच लिहून दिला. उद्या या म्हणाला.

माधवीला फोन केला.  ती म्हणाली, "पुस्तकं हलवल्याशिवाय मी मुलांना वर नेणार नाही. तेवढं करते. राजीनामा द्यायची ताकद माझ्यात नाही गं."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी सव्वादोनला वाचनालयाची जमीन खाली आली.

मी जिल्हा कार्यालयात बाकावर बसले होते. भीमरत्नांचा फोन आला. कॉलेज बंद होतं, वर कुणी नव्हतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी विचारलं, "आणि खाली?"



२३ ऑगस्ट, शनिवार

मालुबाईंना काढायला पहाट झाली. बुधवारी गणपती, त्यानंतर गौरी. ब्लाऊज वेळेत द्यायचे म्हणून दोन दिवस दुकान उघडून शिवत बसल्या होत्या. त्यांना कुणी हटकलं नाही. मी चारशे बारा मुलांची चिंता केली, पालकांना फोन केले, अर्ज लिहिले. त्यांच्याकडं गेले नाही.

'आज नको' म्हणाले मी. आज. हा शब्द मी का घातला?

पुस्तकं दुकानाच्या पार तोंडापर्यंत आली होती म्हणे. भावकूअण्णा रात्रभर उपसत होते.

३ सप्टेंबर, बुधवार

पोलीस ठाण्यात जबाब. गुन्हा माझ्यावर आणि ठेकेदारावर दाखल झालाय. संस्थेनं लिहून दिलंय की सुरक्षेची जबाबदारी प्राचार्यांची होती, अहवाल त्यांना पूर्ण मिळाला होता, आणि धोक्याबद्दल त्यांनी संस्थेला लेखी कधीच कळवलं नाही. ते खरंच आहे. मी फोन करत राहिले. इमारतीबद्दल संस्थेला माझ्या सहीनं गेलेलं पत्र एकच, भावकूअण्णांविरुद्धचं. निरीक्षकांनी ते मोठ्यानं वाचलं. भावकूअण्णा माझ्या शेजारीच बसले होते.

निरीक्षकांनी त्यांना विचारलं, "हे खरं आहे का?"

"पत्र खरं हाय साहेब," ते म्हणाले. "मी पोरांना भ्या घालत हुतो. आनखी जरा घालाय पायजे हुतं."

मी सांगितलं, सह्या माझ्या आहेत. पानं नव्हती हे दिसत असताना केल्या. वकील मागून माझा पदर ओढत होते. मग परशराम आले, काठी टेकत, स्वतःची प्रत घेऊन. तीही फाइलला लागली. पुढं काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. मला जामीन मिळालाय. समर्थांचा जबाब अजून घेतलेला नाही. ते बाहेरगावी आहेत.

२८ सप्टेंबर, रविवार

गेले तीन रविवार मी मॉलसमोर हायवेच्या पलीकडं जाऊन उभी राहते. पडलेल्या भागाला हिरवी जाळी लावलीय. पश्चिमेकडच्या भागाला रंग दिलाय आणि नवं नाव. फलक लागलाय: राहती घरं, नोंदणी सुरू. घरांचा भार त्याच खांबांच्या ओळीवर आहे. मी जिल्हा कार्यालयाला आता लेखी कळवलंय, चार वेळा. पोच आहे, उत्तर नाही.

आज एक जोडपं मोटारसायकलवरून उतरलं. चिकोडीकडचं असावं. बाईच्या कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. मी आडवी गेले. म्हटलं, आत जाऊ नका.

नवऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुम्ही कोण?"

मागच्या रविवारी मी 'इथं शिकवत होते' म्हणाले होते. लोक हसून पुढं गेले.

"मी इथली प्राचार्य," मी म्हटलं. "ती जमीन पडली, तिच्या कागदावर माझी सही आहे. एक बाई गेली. तुम्ही जे घर बघायला आलाय, ते त्याच खांबांच्या ओळीवर आहे."

बाईनं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. नवरा म्हणाला, "नुसतं बघून येतो. बघायला काय जातंय?" आणि पायऱ्या चढून आत गेला.

ती गेली नाही. माझ्याजवळ उभी राहिली. मुलगी माझ्या चष्म्याला हात लावत होती. आम्ही दोघी तो बाहेर येईपर्यंत त्या दाराकडं बघत राहिलो.